जबड्याखालचे वळ माझ्याच बोटांचे

नाव: सोबत जोडलेल्या ओळखपत्राच्या प्रतीवर आहे तेच, गल्लीत मला ‘सलूनकाका’ म्हणतात. वय: एकसष्ट वर्षे. शिक्षण: आठवी पास. धंदा: केशकर्तन, स्वतःचे दुकान, खुर्च्या दोन. राहणार: दुकानाच्या वरचा मजला.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून सांगतो की, पुढील सर्व हकीकत मी माझ्या तोंडाने सांगितली आहे. ‘कोणत्याही दबावाशिवाय’ हे शब्द मी इथे घालू दिलेले नाहीत. दबाव आणला गेला. मी तो घेतला नाही. तो कसला होता ते त्याच्या जागी येईल.

वरील पत्त्यावर मी आणि माझी मुलगी असे दोघे राहतो. पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. मुलगी चष्म्याच्या दुकानात नोकरी करते, सकाळी दहाला घर सोडते. तिचे लग्न चार वर्षांपूर्वी झाले. आठ महिन्यांपूर्वी ती नवऱ्याचा मार खाऊन माझ्याकडे आली. तिला डाव्या कानाने आता कमी ऐकू येते. माझ्यावर फिर्याद करणारा तो तिचा नवरा, म्हणजे माझा जावई. मी ज्यांचा गळा दाबला असे त्याचे म्हणणे आहे ते त्याचे वडील, म्हणजे माझे व्याही. जावयाला मी आजवर अहोजाहो करत आलो. या जबाबात त्याला एकेरी लिहावे असे मी हवालदारसाहेबांना सांगितले आहे.

व्याही हे व्याही होण्याच्या आधी पंचवीस वर्षे माझे गिऱ्हाईक होते. पाणी खात्यात मीटर तपासायला होते, आता निवृत्त. दर बुधवारी दाढी, महिन्यातून एकदा केस. सोयरीकसुद्धा माझ्याच खुर्चीत ठरली. त्यांच्या तोंडाला फेस होता म्हणून त्यांनी मान हलवून होकार दिला, आणि मी म्हणालो, हलू नका, कापेल. दुकानातले सगळे हसले होते. मीही हसलो होतो.

मुलगी परत आली त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो. व्याही दारात उभे होते. मी विचारले, हे तुमच्या डोळ्यांदेखत झाले का? ते दारातल्या चपला पायाने सरळ करत राहिले. त्यानंतर त्यांनी माझ्या दुकानाची पायरी चढली नाही. फिर्यादीत लिहिले आहे की आरोपीच्या मनात राग होता. ते खरे आहे. राग आजही आहे, आणि तो लपवायला मी इथे आलेलो नाही.

दिनांक अकरा, बुधवार रोजी मी दुकान साडेआठला उघडले. दुसऱ्या खुर्चीवर माझा कारागीर होता, वय पंचेचाळीस. त्याची जीभ कात्रीपेक्षा जास्त चालते म्हणून सगळे त्याला ‘रेडिओ’ म्हणतात. दुकानातले घड्याळ माझ्या पाठीमागच्या भिंतीवर आहे. मी ते समोरच्या आरशात उलटे वाचतो. सदतीस वर्षे वाचतो आहे, चुकत नाही. म्हणून या जबाबातल्या वेळांवर शंका घेऊ नये.

दहा पस्तीसला व्याह्यांची स्कूटर दुकानासमोर लागली. दुसरे गिऱ्हाईक तेव्हा नव्हते. व्याही आत आले आणि विचारल्याशिवाय खुर्चीत बसले. त्यांचे कल्ले एक वर, एक खाली होते. आठ महिने दुसरीकडे जात होते ते दिसतच होते. मी म्हणालो, “कोणी हात बसवून घेतला तुमच्या डोक्यावर?” ते म्हणाले, “बोलायचं नाही. दाढी करा.” मी पांढरा कपडा अंगावर घातला, मानेमागे गाठ दिली.

ब्रश गालाला लागायच्या आत त्यांनी माझे मनगट धरले. माझ्याकडे न बघता आरशाकडे बघत ते म्हणाले, “पोरीला पाठवू नका. तो न्यायला येईल, गोड बोलेल, चार माणसं आणेल. पाठवू नका. मी बाप आहे त्याचा, मला ठाऊक आहे.”

मी म्हणालो, “हे आठ महिन्यांपूर्वी बोलायचं होतं.”

ते म्हणाले, “हो.”

रेडिओने हे ऐकले आहे. तो त्या वेळी गप्प होता, यावर त्याच्या बायकोचाही विश्वास बसणार नाही, पण होता. फिर्यादीत ‘दोघांत कडाक्याची बाचाबाची झाली’ असे आहे. बाचाबाची झाली ती एवढीच. रेडिओ माझा पगारी माणूस, म्हणून त्याच्या शब्दाला वजन नाही असे मला सांगण्यात आले. जावई तर फिर्यादीच आहे. त्याच्या शब्दाला वजन कुठून आले, हे मी विचारले. तो प्रश्न लिहून ठेवायला सांगितला आहे.

मी खटका दाबून खुर्ची मागे केली, त्यांची मान उशीवर टेकवली, फेस लावला, नवी पाती घातली. उजवा गाल झाला. मग हनुवटीखालून गळ्यावर वस्तरा चालवला. व्याह्यांच्या गळ्यावर माझा वस्तरा दोन-तीन मिनिटे होता, आणि राग मनात होता, आणि त्यांना एक ओरखडासुद्धा नाही. वस्तरा गळ्यावर असताना मी काही केले नाही, आणि वस्तरा ठेवून दिल्यावर बोटांनी गळा दाबला, असे फिर्यादीचे म्हणणे आहे. एवढा बिनडोक न्हावी सदतीस वर्षे दुकान चालवू शकत नाही.

दहा अठ्ठेचाळीसच्या सुमारास व्याही घोरू लागले. आता सांगतो ते फिर्यादीत नाही आणि रेडिओखेरीज कोणाला माहीत नाही, तरी लिहावे. माझ्या खुर्चीत रोज दोन-तीन माणसे झोपतात. झोपलेल्याची दाढी त्याला जाग न आणता करायची ही आमच्या धंद्यातली मिजास आहे. मी रेडिओला म्हणालो, “बघ, आठ महिन्यांची झोप काढतायत.” आणि डावा गाल सुरू केला. घोरण्याचा तो आवाज नेहमीचा नव्हता, त्यात पाण्याची घरघर होती. मला ती ऐकू आली होती, आणि तरी मी वस्तरा चालवत राहिलो. अर्ध्या गालाएवढा वेळ. मिनिट, सव्वा मिनिट. तेवढा वेळ एक माणूस माझ्या हाताखाली बुडत होता आणि मी मिजास करत होतो. गुन्हा लिहायचाच असेल तर हा लिहा. याला कलम आहे का, असे मी विचारले. हवालदारसाहेबांनी नाही म्हणून सांगितले.

मग त्यांचे डोके उशीवरून डावीकडे घसरले, हनुवटी छातीला टेकली आणि आवाज बंद झाला. झोपलेल्या माणसाची हनुवटी पडली की तो जास्त घोरतो, बंद होत नाही. पांढऱ्या फेसात ओठ जांभळे दिसले. मी वस्तरा मिटून आरशाखालच्या कप्प्यात ठेवला. वेळ दहा पन्नास.

घोरणाऱ्याची हनुवटी दोन बोटांनी वर केली की घोरणे थांबते, हे मला कोणी शिकवले नाही, खुर्चीने शिकवले. त्याच सवयीने मी व्याह्यांचे डोके मागे केले आणि हनुवटी वर उचलली. आत हवा शिरल्याचा आवाज आला. हनुवटी सोडली, तो आवाज बंद. पुन्हा उचलली, सुरू. दोनदा असे झाले. तिसऱ्यांदा करून बघायची माझी छाती झाली नाही, मी धरूनच ठेवली.

रेडिओने स्वतःच्या फोनवरून रुग्णवाहिकेला फोन लावला आणि आवाज मोठा केला. माझा फोन वर घरात चार्जिंगला होता. पलीकडे एक मुलगी बोलत होती. तिचे नाव मला माहीत नाही. तिचे बोलणे मला शब्दन् शब्द आठवते ते असे:

“हाक मारून बघा. डोळे उघडतात का?”

“नाही.”

“श्वास चालू आहे?”

“मी हनुवटी धरली तर चालू आहे.”

“काका, मग सोडू नका. बेशुद्ध माणसाची जीभ ढिली पडून मागे जाते आणि गळ्याची वाट बंद करते. त्यांना खाली जमिनीवर सपाट घ्या. पाठीवर. सावकाश.”

रेडिओने पाय धरले, मी डोके आणि खांदे. दोन खुर्च्यांच्या मध्ये जागा जेमतेम तीन फूट आहे, तिथे झोपवले. फरशी गार म्हणून रेडिओने टॉवेलची घडी करून डोक्याखाली सारली.

“डोक्याखाली काही ठेवलंय का?” ती मुलगी म्हणाली. तिला तिकडे बसून कसे कळले कोण जाणे.

“टॉवेल आहे ताई, मऊ आहे,” रेडिओ म्हणाला.

“काढा. उशी दिली की मान पुढे वाकते, वाट पुन्हा बंद होते. आणि पाणी अजिबात पाजू नका. तोंडात काही दिसतंय का? दिसेल तेवढंच काढा, आत बोटं घालून चाचपू नका.”

खालची कवळी निसटून आडवी झाली होती. व्याह्यांना कवळी आहे ही गोष्ट त्यांच्या घरात आणि माझ्या दुकानात, दोनच ठिकाणी ठाऊक होती. मी ती काढून एप्रनच्या खिशात टाकली. एप्रन जप्त झाला आहे. पंचनाम्यात त्या खिशातल्या वस्तूची नोंद ‘मारहाणीत पडलेले दात, नग चौदा’ अशी आहे. मारहाणीत चौदा दात हिरडीसकट ओळीने पडत नाहीत. कवळी अख्खी आहे. ती परत द्यावी, त्यांना लागेल.

फेसामुळे हनुवटी सटकत होती. मी कोपराने तोंड पुसायला गेलो तर श्वास अडखळला. ती मुलगी म्हणाली, “दोन्ही कानांच्या खाली जबड्याचा कोपरा हाताला लागतोय? तिथे मागून बोटं अडकवा आणि जबडा पुढे उचला. खालचे दात वरच्या दातांच्या पुढे यायला हवेत.”

मी म्हणालो, “खालचे दात माझ्या खिशात आहेत.”

ती म्हणाली, “मग नुसता जबडा पुढे आला तरी चालेल.” तिला हसू आले नाही. मलाही नाही.

मी व्याह्यांच्या डोक्याशी गुडघे टेकून बसलो आणि तसा जबडा धरला. श्वास मोकळा झाला. जबड्याच्या कोपऱ्यांमागे जे वळ आहेत, डावीकडे तीन, उजवीकडे तीन, ते माझ्याच बोटांचे आहेत. कोणी सिद्ध करायची गरज नाही, मी सांगतो आहे. पण ते कुठे आहेत तेही बघावे. ते कानाखाली आहेत. गळ्याच्या पुढच्या बाजूला, घाटीवर, एकही खूण नाही. गळा दाबणारा कानाखाली धरत नाही. डॉक्टरांच्या कागदावर जागा लिहिल्या आहेत. तो कागद फिर्यादीला जोडलेला आहे आणि अजून कोणी वाचलेला दिसत नाही.

फोनवरच्या मुलीने सांगितले की गाडी निघाली आहे, पण गल्ल्या सारख्या दिसतात, कोणीतरी कोपऱ्यावर उभे राहा. उलटी झाली तर कुशीवर वळवा, तोंड खाली करा. फोन रेडिओचा होता, गाडीवाल्याला वाट सांगायला तो त्याला लागणार होता. रेडिओने घड्याळ पाहून सांगितले, अकराला दोन मिनिटे कमी, आणि तो फोन घेऊन कोपऱ्यावर गेला. तिथून पुढे गाडी येईपर्यंत दुकानात मी, बेशुद्ध व्याही आणि नंतर आलेला जावई यांच्याशिवाय कोणी नव्हते. साक्षीदार नाही, हे मला मान्य आहे. साक्षीदार जमवायला मी कोणाला पाठवले नव्हते, गाडी आणायला पाठवले होते.

साधारण चार-पाच मिनिटांनी जावई आला. बापाची स्कूटर बघून आला असे तो म्हणतो, तसे असेल. त्याने काचेतून काय पाहिले तेही मला समजते. बाप जमिनीवर, सासरा डोक्याशी बसलेला, दोन्ही हात गळ्यापाशी. कोणालाही वाटेल तेच त्याला वाटले. त्या पहिल्या क्षणाबद्दल माझी त्याच्याविरुद्ध तक्रार नाही.

मी म्हणालो, “गाडी येते आहे. वाट धरून ठेवली आहे. हात लावू नका.”

तो म्हणाला, “तुझे हात काढ आधी! मारलास माझ्या बापाला.”

त्याने मला अरेतुरे केले ते पहिल्यांदाच. त्याने मला केसांना धरून मागे ओढले. बापाचे डोके मांडीवर घेतले, हनुवटी छातीला लागली. केसांवर पाणी मारायची बाटली कप्प्यावर होती, तिचे झाकण काढून त्याने तोंडात पाणी ओतले. व्याह्यांच्या छातीत घुसमट झाली, पोट वर-खाली झाले, पण हवेचा आवाज आला नाही. मी त्याला दोनदा सांगितले. पहिल्यांदा, “डोकं खाली ठेवा.” दुसऱ्यांदा, “अरे, जातोय तो!” त्याने ऐकले नाही.

तेव्हा मी त्याला ढकलले. या ठिकाणी ‘झटापट झाली’ असे लिहिले होते, ते मी खोडायला लावले आहे. झटापट झाली नाही. मी ढकलले, खांद्याने, होता तेवढा सगळा जोर लावून. तो हात धुवायच्या बेसिनवर आपटला आणि त्याची भुवई फुटली. पाच टाके पडले आहेत. ते टाके माझ्या नावावर लिहावेत. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ढकलेन, आणि जावयाच्या जागी माझा सख्खा भाऊ असला तरी ढकलेन.

फिर्यादीत असेही आहे की ‘आरोपीच्या एका हातात उघडा वस्तरा होता’. वस्तरा मिटलेला होता आणि कप्प्यात होता, पंचनाम्यात तसाच सापडला आहे. जबडा धरायला दोन्ही हात लागतात. मला हात दोनच आहेत. तिसरा असता तर तो मी जावयाकडे लक्ष द्यायला वापरला असता.

मी व्याह्यांना कुशीवर वळवले, तोंड खाली केले. पाणी बाहेर आले, पाठोपाठ उलटी आली. दिसली ती घाण बोटाला टॉवेल गुंडाळून पुसली. पुन्हा पाठीवर घेतले, डोके मागे, जबडा पुढे. श्वास आला, पण आधीपेक्षा बारीक. घड्याळ पाठीमागे होते आणि जमिनीवरून आरसा दिसत नव्हता, म्हणून मी वेळ पाहू शकलो नाही. श्वास मोजत बसलो.

लहान मुलांना उंच बसवायला आम्ही खुर्चीच्या हातांवर एक लाकडी फळी आडवी टाकतो. जावयाने ती उचलली आणि माझ्या पाठीत घातली. किती वेळा ते मला सांगता येणार नाही. बेचाळीस श्वासांपर्यंत तो मारत होता, नंतर थांबला. का थांबला माहीत नाही. मी वळून पाहिले नाही, कारण वळलो असतो तर हात हलले असते. माझ्या पाठीची तपासणी अजून झालेली नाही. मी शर्ट काढून दाखवायला तयार आहे. ती फळी दुकानात आहे, जप्त करावी.

गाडी आली तेव्हा मागून रेडिओ ओरडत आला. आत आलेल्या दोघांपैकी ज्या बाई होत्या त्यांनी विचारले, “किती वेळ धरलंय असं?” मला सांगता आले नाही. त्या म्हणाल्या, “आम्ही नळी घालेपर्यंत सोडू नका.” नळी घातल्यावर त्या म्हणाल्या, “आता सोडा.” माझी बोटे सुटेनात. त्यांनी एकेक करून सोडवली. त्यांच्या कागदावर फोन आल्याची आणि नळी घातल्याची वेळ आहे. त्यावरून हिशेब तीस मिनिटांचा होतो. जावयाने मला ओढले ती दोन-अडीच मिनिटे त्यातून वजा करावीत.

व्याह्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला असे डॉक्टर म्हणतात. दवाखान्यात आहेत, जिवंत आहेत. काल एक डोळा उघडला असे कळले. घशात नळी आहे, बोलता येत नाही. बोलतील की नाही हे कोणी छातीठोक सांगत नाही. म्हणजे माझ्या बाजूने बोलू शकणारा जो एकच माणूस आहे, त्याच्या घशात नळी आहे आणि ती तिथे राहिलेलीच बरी. मला दवाखान्यात वर जाऊ देत नाहीत. मी खाली जिन्यापाशी दोन वेळा उभा राहून आलो.

आता दबावाविषयी. आज सकाळी साडेअकराला मला ठाण्यात बोलावले. हवालदारसाहेबांनी माझ्यासमोर एक लिहून तयार असलेला कागद ठेवला. त्यात दोन गोष्टी होत्या. एक, रागाच्या भरात माझा हात व्याह्यांच्या गळ्याकडे गेला, त्याचा मला पश्चात्ताप आहे. दोन, झाले गेले विसरून मी मुलीला आठ दिवसांत नांदायला पाठवीन. खाली माझ्या सहीची जागा होती. सही केली तर फिर्याद मागे.

हवालदारसाहेब वाईट माणूस नाहीत. तेही माझ्याकडे केस कापतात. ते म्हणाले, “काका, घरचं भांडण आहे. घरातच मिटवा. नाहीतर जिवे मारण्याचा प्रयत्न लागेल. या वयात आत बसाल, दुकानाला कुलूप लागेल. पोरगी तरी काय कायमची ठेवणार आहात? लेक परक्याचंच धन.”

मी म्हणालो, “धन असतं तर फोडून परत पाठवलं नसतं.”

ते म्हणाले, “हे लिहू का?”

मी म्हणालो, “लिहा.”

पश्चात्ताप मला आहे. तो अर्ध्या गालाचा आहे, आणि तो मी वर स्वतःहून लिहून दिला आहे. जबडा धरल्याचा नाही, ढकलल्याचा नाही. जे मी केले नाही त्याबद्दल माफी मागून जे माझ्या हातात नाही ते मी देऊन टाकावे, असा तो कागद होता. भीती वाटत नाही असे मी म्हणत नाही. मला तुरुंगाची भीती वाटते. रात्रभर झोप नव्हती. पण भीती वाटते म्हणून सही करायची असेल, तर त्याने मुलीचा कान फोडला त्याला मीच खाली सही दिल्यासारखे होईल.

मुलगी कामावर न जाता बाहेर बाकावर बसली होती. तिने समजूत घातली तर मी ऐकेन, असे वाटून हवालदारसाहेबांनी तिला आत बोलावले. त्यांनी सगळे सांगितले. तिने उजवा कान पुढे करून ऐकले. मग कागद मागून घेतला आणि उभ्यानेच वाचला.

ती म्हणाली, “यात जायचं मला आहे. सही बाबांची का?”

हवालदारसाहेब म्हणाले, “पद्धत आहे बाई. वडीलधाऱ्यांनी मिटवायचं असतं.”

ती माझ्याकडे वळली. मी तिला म्हणालो, “तुला काय वाटेल ते सांग. मी आत गेलो तर दुकान रेडिओ बघेल. माझी काळजी धरून बोलू नकोस.”

ती म्हणाली, “बाबा, सही करू नका. केस होऊ दे. जामीन मी राहते.”

हवालदारसाहेबांनी तिला समजावले की जामीन राहणे म्हणजे खेळ नाही. नोकरी लागते, राहण्याचा पुरावा लागतो, तारखेला आरोपी हजर नाही झाला तर तिला धरतील. तिने पर्समधून पगाराचा कागद काढला आणि त्यांच्या टेबलावर ठेवला. म्हणाली, “ते हजर होतील. मी सोबत येईन.” ती चार वर्षांत एवढ्या मोठ्या आवाजात बोललेली मी ऐकली नव्हती. मला रडू आले, हे लिहायला माझी हरकत नाही.

तो तयार कागद मी सही न करता परत दिला आहे. फाडलेला नाही, तोही या जबाबासोबत जोडावा. फोनवरच्या मुलीचे बोलणे त्यांच्याकडे साठवलेले असते असे रेडिओ म्हणतो, ते मागवून ऐकावे. मी कुठेही पळून जाणार नाही. दुकान उद्या साडेआठला उघडेल.

हे सगळे मला मोठ्याने वाचून दाखवले. तीन ठिकाणी मी सांगितले नव्हते ते आले होते, ते माझ्यासमोर खोडले. बाकी शब्द माझेच आहेत आणि खरे आहेत. खाली सही करत आहे. बोटे अजून नीट मिटत नाहीत, म्हणून सही नेहमीसारखी आली नाही तरी ती माझीच समजावी.

सही: जबाब देणार.

समक्ष: ठाणे अंमलदार.

जामिनाच्या कागदाविषयी टीप: जामीनदार, आरोपीची मुलगी, वय एकोणतीस, नोकरी चष्म्याच्या दुकानात. पत्त्याच्या रकान्यात ‘सासरचा पत्ता कायम, हल्ली मुक्काम वडिलांच्या घरी’ असे लिहिले होते. जामीनदाराने ‘सासरचा पत्ता कायम, हल्ली मुक्काम’ हे शब्द स्वतःच्या हाताने खोडले आहेत आणि खोडलेल्या जागी पूर्ण सही केली आहे. आता तिथे एवढेच राहिले आहे: वडिलांच्या घरी.